'जरा येऊन जा' असा ठाण्यातून फोन आला, तर कलम २२ कुठं असतं?

सदाफुली

मामेभावाचं गॅरेज आहे, तालुक्याच्या गावी. दारात गाडी लावण्यावरून शेजारच्या दुकानदाराशी त्याची बाचाबाची झाली, थोडी धक्काबुक्कीही. काही दिवसांनी ठाण्यातून फोन: "जरा येऊन जा, साहेबांनी बोलावलंय." हा सकाळी गेला. मोबाइल टेबलावर काढून ठेवायला लावला आणि बाकावर बसवलं. विचारलं तर म्हणे साहेब बंदोबस्ताला गेलेत, बस. घरी फोन करू दिला नाही. मामी दुपारपासून कावरीबावरी. रात्री साहेब आले, दमात घेतलं, लिहिलेल्या एका कागदावर सही घेतली (वाचू दिला नाही) आणि जा म्हणाले.

मी विचारलं, अरे, अटक केली होती का तुला? तर म्हणतो, "छे, अटक कसली, नुसतं बसवून ठेवलं होतं."

तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. राज्यघटनेचं कलम २२ काढून वाचलं. अटक केलेल्याला कारणं शक्य तितक्या लवकर सांगायची, त्याच्या पसंतीच्या वकिलाला भेटू द्यायचं, प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं. सगळं चांगलं आहे. पण हे सगळं अटकेपासून सुरू होतं. अटक कुठं नोंदलीच नाही, तर हा माणूस दिवसभर कोणत्या कलमाखाली बसला होता? माझं तर मत झालंय की आपल्याकडे साध्या माणसाचं स्वातंत्र्य कोठडीपेक्षा त्या बाकावरच जास्त जातं, आणि त्याचा कुठं कागदही राहत नाही.

जाणकारांनी लिहावं. ठाण्याचं नाव विचारू नये, सांगणार नाही.

टपरीवाला

नगरसेवकाला फोन लावायचा होता. दहा मिनिटांत घरी. कलमं-बिलमं नंतर.

चाफेकळी

टपरीवाला, आणि ज्याच्या ओळखीचा नगरसेवक नाही त्यानं काय करायचं? की नगरसेवक समोरच्या दुकानदाराचाच पाहुणा निघाला तर?

काळा_कोट

सदाफुली, प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. तालुका कोर्टात वकिली करतो, त्यामुळे असे 'बसवून ठेवलेले' लोक नेहमी भेटतात. जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. तुम्ही सांगताय त्यावरून ही तक्रार बहुतेक अदखलपात्र असणार, म्हणजे आपण जिला एनसी म्हणतो ती. साधी मारहाण, शिवीगाळ, दमदाटी हे बहुतेक त्यातच येतं. एनसीत दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपाससुद्धा करता येत नाही, वॉरंटशिवाय अटक तर दूरच. फिर्यादीला एनसीची प्रत देऊन कोर्टात जा म्हणायचं, एवढंच. म्हणजे त्या दिवशी मामेभावाला बोलावायलाच आधार नव्हता. एखादा प्रतिबंधक कारवाईचा, म्हणजे चॅप्टरचा, विचार असेल तर तो वेगळा. पण त्याचीही नोटीस निघते आणि ती लेखी असते.

दुसरी गोष्ट. समजा प्रकरण दखलपात्र आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक गरजेची नसेल तर पोलिसांनी नोटीस देऊन बोलवायचं असतं. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४१-अ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली, तिच्यात ते ३५(३) मध्ये आलं. नोटीस पाळून हजर राहणाऱ्याला अटक करायची नाही, करायची झाल्यास कारण लिहून ठेवायचं. अर्नेश कुमार निकालात (२०१४) सर्वोच्च न्यायालयानं हे इतकं ठणकावून सांगितलं की न पाळणाऱ्या अधिकाऱ्यावर खातेनिहाय कारवाई आणि न्यायालयाच्या अवमानाचीही तंबी दिली. आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की ही नोटीस व्हॉट्सॅपवर पाठवून भागत नाही. हरियाणा सरकार ते बदलून मागायला गेलं, जुलैमध्ये तेही फेटाळलं. जिथं व्हॉट्सॅप चालत नाही तिथं नुसता फोन कुठून चालणार?

तिसरी गोष्ट, म्हणजे तुमचा खरा प्रश्न. नोंद नाही म्हणून अटक नाही, असं कायद्यात नाही. मुंबई उच्च न्यायालयानं १९९० मध्ये कस्टम्सच्या एका प्रकरणात स्पष्ट म्हटलंय की माणसाच्या हालचालीवर बंधन आलं की तिथून अटक सुरू, अधिकाऱ्यानं कागदावर वेळ काय टाकली त्यावरून नाही. मोबाइल काढून घेतलाय, उठून जाऊ देत नाहीत, घरी कळवू देत नाहीत, ही अटकच. फक्त तिला पावती नाही.

पण याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर उद्या कोणी माझ्या भरवशावर भांडायला जाईल. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढेच ईडीचं एक प्रकरण आलं. चौसष्ट वर्षांचे गृहस्थ, समन्सवर सकाळी गेले, रात्रभर जबाब चालला, पहाटे अटक दाखवली. त्यांचं म्हणणं, २४ तास सकाळपासून मोजा. न्यायालयानं रात्रभर जबाब घेण्यावर ताशेरे ओढले, झोप ही माणसाची मूलभूत गरज आहे असं सांगितलं, जबाबाच्या वेळेबद्दल ईडीला परिपत्रक काढायला लावलं. पण अटक बेकायदा ठरवली नाही. तोवर ते कोठडीत नव्हते, असं मानलं. तेव्हा प्रत्येक प्रकरणात 'उठून जाता येत होतं का' हे पुराव्यानं दाखवावं लागतं, आणि तो पुरावा त्या बाकावर बसलेल्याकडे नसतो.

राहता राहिली ती सही. तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घ्यायचीच नसते, कायदाच तसं सांगतो. मामेभावानं कशावर सही केली कोण जाणे. माझा अंदाज, 'चौकशीस स्वखुशीने आलो, कोणाविरुद्ध तक्रार नाही' असं काहीतरी असणार.

सदाफुली

'स्वखुशीने'! 😡 तसंच असणार.

निवृत्त_खाकी

मी तीस वर्षं हवालदार ते सहायक फौजदार असा या खात्यात काढली. वकीलसाहेबांचं कायद्याचं म्हणणं खोडत नाही. पण त्या बाकाची दुसरी बाजू कोणीतरी सांगायला हवी.

एनसी लिहून प्रत हातात दिली की फिर्यादी काय म्हणतो माहीत आहे? "साहेब, कागद नको, त्याला बोलवून दम द्या." कोर्टात कोणाला जायचं नसतं. गल्लीतली मंडळी येतात, सोसायटीचे चेअरमन येतात, सगळ्यांना दमच हवा असतो. नोटीस काढायची म्हणजे जावक क्रमांक, तामिलीला माणूस, त्यानं गाठ पडेपर्यंत दोन फेऱ्या. गणपतीत, उरुसात, मंत्र्यांच्या दौऱ्यात माणूस आणायचा कुठून? मग फोन जातो. हे बरोबर आहे असं म्हणत नाही. पण तुमचा मामेभाऊ बसला तसा उद्या त्याचा दुकानदार बसावा म्हणून तुमच्याच घरातून कोणी फोन करणार नाही, याची खात्री द्याल का?

सदाफुली

खाकीकाका, नाही देता येणार. मामानं मागच्या वर्षी भाडेकरूला असंच 'बोलवून घ्या' म्हणून सांगितलं होतं. तेव्हा घरात कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

घाटावरचा

खाकीकाकांचा मुद्दा नुसत्या एनसीपुरता नाही. हल्ली एखाद्या आरोपीला पोलीस भर बाजारातून चालवत नेतात, दोर बांधून, लंगडत. त्याची 'धिंड काढली' म्हणून व्हिडिओ फिरतात आणि खाली फुलांचे, टाळ्यांचे इमोजी. सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्येच सरसकट बेड्या घालणं घटनाबाह्य ठरवलं होतं. नव्या संहितेनं काही गुन्ह्यांसाठी बेड्यांची मुभा दिली, पण बाजारातून मिरवायची मुभा कुठल्याच कायद्यात नाही. आपणच लाइक करतो, मग बाकावर आपला माणूस बसला की कलम २२ आठवतं.

कलम २२ चा जन्म पण मजेशीर आहे, थोडं सांगतो. घटनासमितीत कलम २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं, तेव्हा मसुद्यात १५) चर्चेला आलं तेव्हा मोठा वाद झाला होता. अमेरिकेसारखं न्यायालयांना कायद्याचा न्याय्यपणाही तपासू द्यायचा, की संसदेनं केलेल्या कायद्यातली प्रक्रिया पाळली एवढंच पाहू द्यायचं? सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टरना भेटून आले होते आणि त्यांचा सल्ला दुसऱ्या बाजूचा होता. शेवटी शब्द राहिले ते 'कायद्याने प्रस्थापित केलेली प्रक्रिया'. बाहेर प्रचंड टीका झाली. मग सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी नवीन १५-अ आणलं, तेच आजचं २२. त्यांनी सरळच सांगितलं की आधीच्या कलमात जे गेलं त्याची ही भरपाई आहे. २४ तास आणि वकील हे तोवर साध्या फौजदारी कायद्यात होतं, ते घटनेत घातलं म्हणजे संसदेला वा विधानसभेला सहज पुसता येऊ नये.

पण त्याच कलमात प्रतिबंधात्मक स्थानबद्धताही आली. खटला नाही, आरोपपत्र नाही, आणि तीन महिन्यांपर्यंत सल्लागार मंडळापुढेही न नेता आत ठेवायची सोय. त्यावर महावीर त्यागी उठले. म्हणाले, मसुदा समितीच्या मंडळींनी स्थानबद्धतेचा तुरुंग आधी अनुभवला असता तर बरं झालं असतं. आंबेडकर म्हणाले, यापुढे प्रयत्न करतो. त्यागींनी सोडलं नाही: इंग्रजांनी तुम्हाला तो मान दिला नाही, पण तुम्हीच करत असलेली ही घटना तुमच्या हयातीत देईल!

आंबेडकरांवर ती वेळ आली नाही. इतरांवर आली.

जुना_दप्तरी

आली तर खरीच. घटना लागू होऊन महिना होत नाही तोच प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा झाला आणि त्याच वर्षी ए. के. गोपालन यांचा खटला. न्यायालयानं १९५० मध्ये त्यातलं एक कलम तेवढं रद्द केलं, बाकी कायदा ठेवला. प्रत्येक मूलभूत हक्क आपापल्या कप्प्यात, २१ मध्ये १९ (बोलण्या-फिरण्याची स्वातंत्र्यं) आणायचं नाही, हा तो दृष्टिकोन. न्यायमूर्ती फझल अली एकटे वेगळं बोलले. त्यांचं म्हणणं १९७८ च्या मनेका गांधी निकालानंतर मान्य झालं: प्रक्रिया नुसती कायद्यात लिहिलेली असून चालत नाही, ती न्याय्यही हवी.

मधल्या काळात आणीबाणी. आमचे काका मिसाखाली (विनाखटला डांबण्याचा तेव्हाचा कायदा) येरवड्याला होते. घरात त्यांच्या पत्रांचा गठ्ठा आहे, प्रत्येकावर तपासल्याचा शिक्का, आणि कुठं कुठं ओळी काळ्या केलेल्या. आजीनं विचारलेला प्रश्न असा की, "काय केलं म्हणून नेलं?" त्याचं उत्तर कोणालाच द्यायचं नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं की आणीबाणी असली तरी हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे डांबलेल्याला न्यायालयापुढे हजर करा असा, अर्ज ऐकता येतो. सर्वोच्च न्यायालयानं २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा तो दरवाजाही बंद केला. न्यायमूर्ती खन्नांनी सुनावणीत विचारलं होतं की एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून कोणाला मारून टाकलं तर? अ‍ॅटर्नी जनरल निरेन डे यांचं उत्तर, आणीबाणी आहे तोवर दाद नाही. खन्ना एकटे विरोधात गेले आणि पुढं त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. बहुमतात असलेल्या आपल्या पुण्याच्या यशवंतराव चंद्रचूडांचा निकाल त्यांच्या मुलानं, धनंजय चंद्रचूडांनी, २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात मोडीत काढला, हे सगळ्यांना माहीत आहेच.

कमी माहीत असलेली गोष्ट पुढची आहे. आणीबाणीनंतर ४४ वी घटनादुरुस्ती झाली, १९७८ ला. तिच्यानं आणीबाणीतही २० आणि २१ स्थगित करता येत नाहीत, हे आलं. त्याच दुरुस्तीत कलम २२ पण सुधारलं होतं: तीन महिन्यांचे दोन महिने आणि सल्लागार मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीनं. संसदेनं मंजूर केलं, राष्ट्रपतींची सही झाली. फक्त ते लागू करण्याची अधिसूचना सरकारनं काढायची होती. ती आजतागायत निघालेली नाही. जनता सरकार गेलं, काँग्रेस आली, आघाड्या आल्या, भाजप आला. मिसात आत बसलेली माणसं मंत्री झाली. आपल्याकडे मिसाबंद्यांचं मानधन एका सरकारनं सुरू केलं, दुसऱ्यानं बंद केलं, तिसऱ्यानं परत सुरू केलं, त्यावर किती भांडणं झाली. या अधिसूचनेवरून कोणी भांडल्याचं ऐकलंय? मला तरी ही गोष्ट ४४ व्या दुरुस्तीपेक्षा जास्त बोलकी वाटते.

टपरीवाला

दप्तरीकाका, ही अधिसूचनेची भानगड माहीतच नव्हती. मग ते पेपरात येतं 'एमपीडीएखाली एक वर्षासाठी स्थानबद्ध', ते यातलंच का? आणि तडीपारी?

काळा_कोट

एमपीडीए यातलंच, राज्याचा १९८१ चा कायदा. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले वगैरेंसाठी आणलेला, बारा महिन्यांपर्यंत. तडीपारी वेगळी. ती महाराष्ट्र पोलीस कायद्यातून, दोन वर्षांपर्यंत, आणि तिचा संबंध कलम १९ मधल्या फिरण्याच्या हक्काशी.

एमपीडीएचे आदेश उच्च न्यायालयात बऱ्याचदा पडतात, आणि ते गुन्हा केला की नाही यावर नाही, कागदावर पडतात. आदेश काढायला उशीर, निवेदनावर निर्णय द्यायला उशीर, कागदपत्रं वाचता न येणाऱ्या भाषेत. हे शेवटचं तर १९६२ पासून चालत आलंय. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य. नागपूरचं प्रकरण. स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत टाइप केलेली, चौदा पानं. माणूस म्हणाला, मला इंग्रजी येत नाही, हिंदीत द्या. प्रशासन म्हणालं, तोंडी समजावून दिलंय आणि सरकारी भाषा इंग्रजी आहे. सर्वोच्च न्यायालयानं सोडून दिलं त्याला. चौदा पानं एकदा तोंडी ऐकून माणूस त्याविरुद्ध काय निवेदन करणार, असा तो साधा विचार.

आता हे सगळ्या अटकांना लागू झालंय. आधी मनी लाँडरिंग (२०२३), मग यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा (२०२४), आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईच्याच एका अपघाताच्या प्रकरणावरून सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं लेखी हवीत आणि अटक झालेल्याला कळेल अशा भाषेत हवीत. तिथल्या तिथं देणं शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा. आमच्याकडे तेव्हापासून छापील नमुना आलाय. मराठीत आहे, पण रिकाम्या जागा भरताना 'सदर इसमाने वर नमूद गुन्हा केल्याचे निष्पन्न' एवढंच लिहितात. सगळ्यांना तेच. कारण म्हणजे या माणसानं नेमकं काय केलं ते, हे अजून पचायचंय.

हडसनकाठ

इथं (न्यू जर्सी) पोलीस पकडताना 'गप्प बसण्याचा हक्क आहे' वगैरे म्हणून दाखवतात, सिनेमातलं खरंच आहे. १९६६ च्या मिरांडा निकालापासून. भारतात तसं काही नाही ना?

काळा_कोट

म्हणून दाखवायची सक्ती तशी नाही. हक्क आहे. कलम २०(३), स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. नंदिनी सत्पथी निकालानं (१९७८) तो ठाण्यातल्या चौकशीपर्यंत नेला. शिवाय आपल्याकडे पोलिसापुढची कबुली पुरावा म्हणून चालतच नाही, ही सोय तिकडे नाही. इंग्रजांनीच केलेली, कारण आपले पोलीस कबुली कशी काढतात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मांडवीतीर

अवांतर: आमच्या गोंयात १९६१ पर्यंत यातलं काहीच नव्हतं. सभा घ्यायला परवानगी, छापायला सेन्सॉर. लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरकडून पास करून आणावी लागायची, हे आमच्या घरातले जुने लोक अजून सांगतात. लोहियांनी १८ जून १९४६ ला मडगावात जी सभा घेतली ती मुळात नागरी स्वातंत्र्यासाठीच होती. पोर्तुगीज गेले पाहिजेत हे नंतर, आधी तोंड उघडू द्या. मडगावच्या त्या मैदानावर आता राजरोस सभा होतात, बहुतेक कंटाळवाण्या.

चाफेकळी

😄 कंटाळवाणी सभा घेण्याचा हक्क!

बायकांचं पण लिहा ना कोणीतरी. आमच्या सोसायटीतल्या एका आजींना साक्षीदार म्हणून ठाण्यात बोलावलं होतं.

निवृत्त_खाकी

ते मी सांगतो. बाई, पंधराच्या आतलं मूल, साठीच्या पुढचा माणूस, दिव्यांग, गंभीर आजारी, यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलवायचं नाही, आपण त्यांच्या घरी जायचं. बाईला सूर्यास्त ते सूर्योदय अटक नाही. अगदीच अडलं तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन आधी दंडाधिकाऱ्याची परवानगी घ्यायची. १९८३ ला शीला बर्से यांच्या पत्रावरून मुंबईतल्या कोठड्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, तेव्हापासून महिलांची कोठडी वेगळी आणि पहारा महिला शिपायांचा. आम्हाला प्रशिक्षणात हे सगळं शिकवतात. डी. के. बसू निकालाचा (१९९६) बोर्ड तर प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर आहे: नावाची पट्टी लावा, अटकेचा मेमो करा, नातेवाइकाला कळवा. आमच्या ठाण्यात तो बोर्ड नेमका त्या बाकाच्या वर होता. बसणाऱ्याची पाठ त्याच्याकडे.

सदाफुली

मामेभावाला आज हा सगळा धागा वाचून दाखवला. त्याला पुढं काही करायचं नाहीये, ठाण्यासमोरूनच रोज जायचंय म्हणतो, आणि ठाण्याच्या गाड्याही त्याच्याचकडे दुरुस्तीला येतात. मामी मात्र पेटली आहे. तो कागद काय होता ते तिला कळलंच पाहिजे. काय करता येईल?

काळा_कोट

भांडण न करता दोन अर्ज. एक, त्या तारखेच्या ठाणे दैनंदिनीतली, म्हणजे स्टेशन डायरीतली, त्याची नोंद आणि सही घेतलेल्या कागदाची प्रत माहिती अधिकारात. दोन, त्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवा असा अर्ज. २०२० च्या निकालाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात कॅमेरे हवेत आणि चित्रीकरण शक्यतो अठरा महिने, अगदी कमीत कमी एक वर्ष ठेवायचं. मी मघाशी पुरावा म्हटलं तो हाच. सकाळी आत जाताना आणि रात्री बाहेर पडताना दोन्ही वेळा तो दिसेल. कॅमेरा बंद होता असं उत्तर आलं तरी ते लेखी येऊ दे.

वकिलाचे पैसे अडत असतील तर तालुका विधी सेवा समितीत जा. मामींना बाई म्हणून मोफत मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. कोठडीतल्या माणसालाही तशीच. हेल्पलाइन १५१००.

निवृत्त_खाकी

अर्ज ठाण्यात घेतील, पण पोच द्यायला टाळाटाळ करतील. आवक क्रमांक पडल्याशिवाय उठू नये. नाहीच दिला तर स्पीड पोस्टानं ठाण्याला एक आणि एसपी ऑफिसला प्रत. मामींनी स्वतः जावं, मामेभावाला नेऊ नये. दुपारी तीन-चारला जा, तेव्हा ठाणे अंमलदार जरा मोकळा असतो.

आणि परत फोन आला तर त्यानं हुज्जत घालू नये. "साहेब, नोटीस पाठवा, लगेच येतो," एवढंच.

टपरीवाला

आणि नगरसेवक?

निवृत्त_खाकी

त्यालाही सांगून ठेवा. 🙂